ढाण्या वाघाचा फ्लेक्स

मी फ्लेक्स बोलतोय. चौकाचौकात लोंबकळणारा, वाढदिवसाचा, निवडीचा, दशक्रियेचा. आमच्या कुळाला कुणी चांगलं म्हणत नाही. वळणावर समोरून येणारी गाडी आम्ही झाकतो, हेही खरं आहे. पण माझ्या अंगावर जे छापलं ते मी छापलेलं नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म शिरूरचा, गोकुळच्या छपाईच्या दुकानातला. गोकुळ हा भांडगावच्या जयसिंगआबांचा मेहुणा. आबांचा त्याला फोन आला, "आपल्या इंद्याचा फ्लेक्स कर. गावात कुणाचा झाला न्हाई असा पायजे." इंद्या म्हणजे आबांचा मुलगा इंद्रजीत. प्रवासी विमानावर पायलट.

झालं असं होतं, की दूरच्या एका विमानतळावर इंद्रजीतचं विमान उडायला म्हणून धावपट्टीवर सुसाट निघालं होतं, आणि पुढे दुसरं विमान आडवं आलं. आधी दिसलं इंद्रजीतला. तो ओरडला, आणि शेजारी बसलेल्या कॅप्टन सबा यांनी ब्रेक दाबले. टायर जळाले, पण विमान थांबलं. दोन विमानांच्या मध्ये शाळेच्या मैदानाएवढी जागा काय ती उरली. कुणाला खरचटलंही नाही. टीव्हीवर अर्धा दिवस तीच बातमी चालली आणि मग दुसरी आली.

गोकुळला मनासारखं प्रवासी विमान सापडेना, म्हणून त्यानं लढाऊ विमान टाकलं, मागून आग ओकणारं. इंद्रजीतचा फोटो घेतला तो मावसभावाच्या लग्नातला, फेट्यासकट. वर मोठ्या अक्षरात छापलं, 'एकशे ऐंशी प्रवाशांचे प्राण वाचवणारा भांडगावचा ढाण्या वाघ'. खाली शुभेच्छुक म्हणून आबांच्या पॅनेलची सगळी तोंडं, कारण सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती. वाघ एक आणि शेपट्या डझनभर!

गोकुळनं फोनवर विचारलं, "दाजी, त्या कॅप्टन बाईंचं नाव टाकू का? आपल्या शिरूरच्याच हायेत."

"फ्लेक्स आपला हाय का त्यांचा?" आबा म्हणाले. विषय संपला.

न्हावरा, पारगाव, चौफुला असा टेम्पोतून आलो आणि आबांच्या घरासमोर उभा राहिलो. माझं तोंड इंद्रजीतच्या खोलीच्या खिडकीकडे होतं. त्यामुळे मी त्याला आणि तो मला, असं दिवसभर बघणं आलं. फोटोतला इंद्रजीत हसत होता. खिडकीतला हसत नव्हता.

त्याला कंपनीनं घरी आरामाला पाठवलं होतं. आराम कसला! हार-नारळ घेऊन माणसं यायची आणि खुर्ची ओढून म्हणायची, "हां, आता पयल्यापासनं सांग. कसं कसं झालं?" तो सांगायचा. त्यांचा चहा संपेपर्यंत दुसरी मंडळी यायची. पुन्हा पहिल्यापासून. दिवसातून किती वेळा ते विमान त्याच्यासमोर आडवं यायचं, याचा हिशेब कुणाला? सांगून झालं की तो मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायचा. लोक म्हणायचे, पोरगं किती साधं हाय.

मी मात्र बघत होतो. वाऱ्यानं माझी एक दोरी सुटली आणि मी फडफडलो, की तो दचकून उठायचा. आबांनी त्याला गाडीतून यवतला नेलं, तर परत आल्यावर आबा हसत होते, "पायलट आसून माझ्या शेजारी बसून ब्रेक दाबतोय! पायानं पार मॅट सरकवली गड्यानं." सगळे हसले. इंद्रजीतही हसला, आणि माझ्यावरच्या फोटोसारखाच दिसला. त्या दिवशी मला माझा किळस आला.

आबांनी दारातच इंद्रजीतचा सत्कार ठरवला होता, त्याच्या आदल्या दिवशी सबा मॅडम शिरूरहून आल्या. दोघं एकाच पट्ट्यातले, म्हणून कंपनीत त्यांचं जमायचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत वाचलं. लढाऊ विमान पाहून हसू आवरलं. मग माझ्या सावलीत उभ्या राहून त्यांनी विचारलं, "इंद्रजीत, झोप लागते का रे?"

एवढी माणसं येऊन गेली, पण हे एकानंही विचारलं नव्हतं.

"न्हाई लागत, मॅडम. डोळे मिटले की ते दिवे समोर येत्यात. सोमवारी कंपनीत जाऊन ठीक आहे म्हणून सांगायचंय. सांगीन मी. सांगितलं न्हाई तर विमानावरनं उतरवतील."

"मला उतरवलंय," मॅडम म्हणाल्या. "मीच सांगितलं. आपल्या कंपनीत पायलटनं पायलटशी बोलायचा फोन आहे ना, तो लावला. समोर एक म्हातारे कॅप्टन होते. ते म्हणाले, माझ्यावर अशी वेळ आली तेव्हा मी गप्प बसलो आणि वर्षभर दारूवर झोपलो. मग मी डॉक्टरकडे गेले. आता जाते आठवड्याला."

"परत उडायला मिळंल?"

"बहुतेकांना मिळतं. नाही मिळालं तर नाही. पण खोटं बोलून बसलास आणि ऐन वेळी हात गोठला, तर मागं एकशे ऐंशी माणसं असतात, इंद्रजीत. त्या वेळी मी शेजारी नसेन."

त्यानं संध्याकाळी आबांना सांगितलं. मी समोरच होतो, मला सगळं ऐकू आलं.

"येड्याचा डाक्टर?" आबांचा आवाज चिरकला. "उद्या सत्कार, पुढल्या आठवड्यात मतदान, आन् तू येड्याच्या डाक्टरकडं? आरं, वाघ म्हणून छापलंय तुला!"

वाघ म्हणून छापलंय. म्हणजे दोष पुन्हा माझ्याच माथी.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोरच मांडव पडला. शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा बांधला. सूत्रसंचालन करायला हौसराव गुरुजी होते. त्यांनी "आपला वाघ आता दोन शब्द बोलेल" म्हणत माईक पुढे केला. इंद्रजीतनं आधी माझ्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेतल्या सबा मॅडमकडे.

"ब्रेक मॅडमनं लावले," तो म्हणाला. "मी ओरडलो, एवढंच. तवापासनं मला झोप न्हाई. मला भ्या वाटतं. मी डॉक्टरकडं जाणार हाय. बरा झालो तर उडीन."

मला वाटलं, आता तरी कुणी उठेल, पाठीवर हात ठेवेल. हौसराव गुरुजींनी माईक काढून घेतला आणि म्हणाले, "यानंतर सर्वांनी भोजनाचा लाभ घ्यावा." आणि सगळ्यांनी घेतला. पंगतीत कुजबुज होती, पण जिलेबी कुणी सोडली नाही.

आबांच्या पॅनेलचे लोक त्याच दिवशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमची तोंडं काढा त्याच्यावरनं." तोंडं कशी काढणार? आबांनी विळ्यानं माझ्या दोऱ्या कापल्या आणि मला गोठ्याशेजारच्या कडब्याच्या गंजीवर टाकलं. छापील बाजू खाली. वर दगड ठेवले. विचारणाऱ्याला ते सांगू लागले, "इंद्या ट्रेनिंगला गेलाय."

पावसाळा माझ्या पाठीवरून गेला. मग एक दिवस इंद्रजीत आला. अंगानं वाळला होता, पण पाय जमिनीवर नीट टेकत होते. आबा म्हशीला वैरण घालत होते.

"आबा, मेडिकल पास झालो. परवापासनं परत विमानावर."

आबांनी पेंढी सोडली, झटकली. "बरं झालं," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "पण गावात कुणाला सांगू नगंस आता. लोक म्हणतील, येड्याच्या हातात इमान दिलं."

वैरण काढायला इंद्रजीतनं माझा कोपरा उचलला, तेव्हा आतला फेटेवाला वाघ त्याला दिसला, रंग उडालेला. तो क्षणभर बघत राहिला. मग त्यानं कोपरा खाली सोडला, दगड पुन्हा नीट ठेवला आणि पेंढी आबांच्या हातात दिली.

मृत्यूच्या दारातून परत आला तेव्हा त्याला हार घातले. भीतीच्या दारातून स्वतःच्या पायांनी परत आला, तेव्हा कुणी कपभर चहाही पुढे केला नाही. याचा मला राग आहे, आणि तो कडबा कुजून माझ्या चिंध्या होईपर्यंत राहील. तुम्हाला फ्लेक्स लावायचे तर लावा, माझ्या सांगण्यानं थोडेच थांबणार आहात! पण माणूस छापायच्या आधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, झोप लागते का?

हल्ली भांडगाववरून विमान गेलं की आबा हातातली बादली खाली ठेवतात. आवाज पार विरेपर्यंत मान वर करून उभे राहतात, ओठांत काहीतरी पुटपुटतात. मग आजूबाजूला बघतात, कुणी पाहिलं तर नाही ना. माझं तोंड खाली आहे, म्हणून मला ते बघणाऱ्यांत धरत नाहीत.