एल्डोराडोचं छत

कतारमधल्या अल वक्रात अबूबकरच्या गॅरेजमध्ये जुन्या अमेरिकन गाड्या येतात, आणि अबूबकर आधी गाडीशी बोलतो, मग मालकाशी. माणूस मूळचा रत्नागिरीचा, वय साठीच्या घरात. पत्र्याच्या कामात हात असा की चेपलेलं मडगार्ड सरळ करून दिलं की मालक विचारतो, नवंच घातलंस का? पण जुनं गिऱ्हाईक असलेल्या हजरा मॅडमची कॅडिलॅक आली त्या दिवशी तो नुसता गाडीभोवती फिरत राहिला.

१९७२ची एल्डोराडो. लांबच लांब, आणि छताला सनरूफ. हजरा मॅडमच्या वडिलांनी ती हौसेनं नवीकोरी मागवली होती. वडील गेले, गाडी लेकीकडे आली. तिनं ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात उभी केली, तर एक परीक्षक छताकडे बोट दाखवून चारचौघांत म्हणाला, हे कंपनीचं नाही, कुठल्यातरी गॅरेजात कापलंय. बाईच्या ते जिव्हारी लागलं.

"मुअल्लिम," ती म्हणाली. कारागिराला मान द्यायचा तर कतारी माणसं अशी हाक मारतात. दोघांचं बोलणं चालायचं हिंदी-अरबीच्या खिचडीत. "वकालाचं काम असेल तर राहू दे. गॅरेजचं असेल तर पत्रा जोडून बंद कर. गुरुवारी येते मी. खलास."

वकाला म्हणजे कंपनीची अधिकृत एजन्सी. इथे जुनी गाडी घेताना लोक इंजिन मागाहून बघतात. आधी विचारतात, वकालात सांभाळली की गॅरेजात? वकालाचं ते सोनं, गॅरेजचं ते पितळ. गंमत म्हणजे गॅरेजवाला अबूबकरही हेच मानत आला होता. स्वतःची गाडी तो सर्व्हिसिंगला नेमानं वकालात न्यायचा, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

बुधवारी त्यानं गाडीचं आतलं अस्तर सोडवलं आणि दिवा धरून वर पाहिलं. संध्याकाळी त्याची लेक हनिया ऑफिसातून डबा घेऊन आली, तरी तो तसाच मान वर करून बसलेला.

"अब्बा, जेवा आधी."

"थांब गो. हात लाव हितं."

पत्र्याची कापलेली कड तिच्या बोटाला लागली, पण कुठे बोचली नाही. कड आत दुमडली होती, चौकटीनं भक्कम केली होती. चारी कोपऱ्यांतून पाणी जायला नळ्या काढून त्या खांबांतून खाली सोडल्या होत्या. एका कोपऱ्यात आखणीची बारीक रेघ केसभर पुढे गेली होती, आणि तिच्या शेजारी कानशीचे ओरखडे होते.

"यंत्र असा घासत नाय," अबूबकर म्हणाला. "हा माणसाचा हात हाय. गॅरेजचा."

हनियानं फोन काढला. जेवण निवत गेलं, ती वाचत गेली. "अब्बा, लिसन. साठच्या दशकात एक जर्मन मुलगा अमेरिकेत गेला. जर्मनीत सनरूफ कॉमन होतं, तिकडे जवळजवळ नव्हतंच. त्यानं लॉस एंजेलिसला छोट्या वर्कशॉपमध्ये लोकांच्या गाड्यांची छतं कापायला सुरुवात केली. काम इतकं क्लीन, की मोठ्या कंपन्याच त्याच्याकडे आल्या. मग त्यानं डेट्रॉइटला दुकान टाकलं. कंपनी नवी गाडी बनवायची, त्याच्याकडे पाठवायची, त्याची माणसं छत कापून सनरूफ बसवायची, आणि शोरूममध्ये ते कंपनीचाच ऑप्शन म्हणून विकलं जायचं. कॅडिलॅकसुद्धा."

अबूबकर दिवा खाली ठेवून उभा राहिला. कोरी करकरीत गाडी, पेट्रोलचा वासही न लागलेली, आणि तिच्या छताला करवत लावायची! एकदा घसरली तर अख्खं छत गेलं. असा भरवसा कंपन्यांनी गॅरेजवाल्यांवर टाकला होता, आणि त्यांनी तो राखला होता. त्याला त्या अनोळखी माणसांचा अभिमान वाटला.

"मग टेन्शन खलास," हनिया म्हणाली. "ऑप्शन कंपनीचा. मॅडमला सांगा, वकालाचं काम. खोटंही नाही."

खोटं नव्हतंच. एवढं म्हटलं असतं तर छत वाचलं असतं. गॅरेज हा शब्द काढला तर बाई वेल्डिंग करायला लावणार, हेही दिसत होतं. पण ज्यानं ती कड घासली त्याचं श्रेय पुन्हा दुसऱ्याच्या पदरात घालायचं, हे अबूबकरला पटेना.

गुरुवारी हजरा मॅडम आली. त्यानं सरळ सांगितलं, "गॅरेजचं आहे, मॅडम."

तिचा चेहरा पडला. "मग बंद कर."

"आधी ऐका." त्यानं सगळं सांगितलं, जर्मन मुलगा, कंपनीनं विश्वासानं पाठवलेल्या गाड्या, तो कोपरा, ती रेघ. मग म्हणाला, "मी बंद करीन तर असं करीन की इथे काही होतं हे कुणाला कळणार नाही. पण असं कापायला सांगाल तर मला जमायचं नाही. म्हणून मी याला हात लावणार नाही. दुसरा माणूस बघा."

इतक्या वर्षांत त्यानं या बाईला कधी नाही म्हटलं नव्हतं. ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, हात वर करून कडेवरून बोटं फिरवली, कोपऱ्यापर्यंत, मग पुन्हा.

"उघड," ती म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. जुनी मोटर कुरकुरली, पण छत निमूटपणे मागे सरकलं. बाईनं चपला काढल्या, अबाया सावरली आणि सीटवर उभी राहिली. डोकं आणि खांदे छताबाहेर.

"बाबा मला असंच उभं करायचे," ती वरूनच म्हणाली. "मी घाबरले की म्हणायचे, कड घट्ट धर, लागणार नाही. आणि खरंच कधी लागली नाही रे."

तिनं डोळे पुसले आणि छतावर थाप मारली. "यल्ला, मुअल्लिम, चालव."

अबूबकर स्टिअरिंगवर बसला आणि गॅरेजच्या अंगणात त्यानं ती गाडी अगदी हळू, वरच्या बाईला धक्काही लागणार नाही अशी, गोल गोल फिरवली.