कमी भरलेले शहात्तर मीटर

मी मोजायचं चाक बोलतोय. एका जागी उभं राहून बोलायची मला सवय नाही, त्यामुळे थोडं भरभर बोलेन. सांभाळून घ्या.

मी गाडीचं चाक नाही, सायकलचंही नाही. मला एक लांब दांडा आहे, वर मूठ आहे आणि आसाजवळ आकडे दाखवणारी एक छोटी डबी. मूठ धरून कुणी चालायला लागलं की मी जमिनीवरून फिरतो. माझा एक फेरा म्हणजे एक मीटर. फेरा पुरा झाला की 'टक्' वाजतं आणि डबीतला आकडा एकानं पुढे सरकतो. माझं सगळं शिक्षण एवढंच.

ओहायोतल्या कारखान्यातून बाहेर पडताना मला एका पोलादी पट्टीवरून फिरवलं होतं. पट्टी बरोबर एक मीटरची. मी बरोबर एक फेरा घेतला. तपासणाऱ्या बाईंनी मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. त्यानंतर बत्तीस वर्षं मला कुणीही मोजलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

खोकं उघडलं ते मिनेसोटातल्या एका लहानशा कॉलेजात, १९७९ साली. उघडणारे होते वेंडेल ऑस्टबी, वय एकोणतीस, लांब पल्ल्याच्या धावण्याचे नवे कोच. टीममध्ये सात जण, त्यातल्या दोघांना हॉकीवाल्यांनी काढून टाकलेलं. गवतातून, चढउतारावरून आठ किलोमीटर पळायची ही शर्यत. तिच्यासाठी मार्ग आखायचा होता. कोचनी मला हातात घेतलं आणि त्या दिवसापासून आम्ही दोघं बसलोच नाही.

कोचना बसताच यायचं नाही. शर्यत सुरू झाली की ते या वळणावरून त्या वळणावर धावत सुटायचे, टोपी हातात, टाय खांद्यावर. शर्यत नसेल तेव्हा मला घेऊन मोजत फिरायचे. तळ्याभोवतीचा खडीचा रस्ता, मक्याच्या शेतांमधल्या वाटा, चर्चच्या दारापासून घरापर्यंतचं अंतर, सगळं मोजलं. त्यांच्या बायको, डोरिन, खिडकीतून ओरडायच्या, "वेंडेल, कॉफी गार झाली! तुला नाही तर नाही, त्या चाकाला तरी जरा बसू दे!"

सरावात कुणी कुरकुरलं, "कोच, हा किलोमीटर जरा जास्तच मोठा वाटतो हो," की ते मला उचलून सगळ्यांना दाखवायचे. "पाय खोटं बोलतात, फुप्फुसं खोटं बोलतात. हे चाक बोलत नाही." मी फुगून जायचो. खोटं कशाला सांगू, फारच फुगायचो.

कपडे बदलायच्या खोलीत कोचनी ओकची एक फळी ठोकली होती. वर तापल्या लोखंडानं लिहिलं होतं, 'पंचवीसच्या आत.' आपल्या घरच्या मार्गावर पंचवीस मिनिटांच्या आत जो येईल त्याचं नाव खाली कोरायचं. फळी पंधरा वर्षं कोरी राहिली. सगळ्यांत जवळ आला लाइल हेगन, १९८४ साली. वेळ, पंचवीस मिनिटं एक सेकंद. शेवटच्या खांबापाशी तो गवतात पडला आणि घड्याळाकडे बघून हसायला लागला, कारण रडायला दम नव्हता. पुढे त्यानं गावातच हार्डवेअरचं दुकान काढलं. गाव त्याला आजही 'पंचवीस एक' म्हणून हाक मारतं. खिळे घ्यायला आलेलं माणूससुद्धा सोडत नाही.

१९९४ मध्ये हमरस्ता रुंद झाला आणि आमच्या मार्गाचा अर्धा भाग त्यात गेला. पुढच्या वसंतात कोचनी मला घेऊन नवा मार्ग आखला. आता माझी कबुली ऐका. सोळा वर्षं खडीवरून फिरून माझ्यावरचं रबर झिजलं होतं. जास्त नाही, दीड मिलिमीटर. पण तेवढ्यानं माझा फेरा लहान झाला होता. मला काहीच कळलं नाही असं मी म्हणणार नाही. 'टक्' जरा लवकर येतंय, हे जाणवत होतं. पण मी खोटं बोलत नाही, हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. डबीत आठ हजार आले, कोच थांबले, आणि त्यांनी तिथं शेवटचा खांब ठोकला.

त्याच शरदात कर्ट विलेनब्रिंग नावाचा दूधवाल्याचा पोरगा चोवीस बावन्नला आला. कोचनी त्याला उचलून घेतलं. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, खांद्यावर टाय, ढसाढसा रडत होता. मग फळी भरतच गेली. रुबेन आरियागा, ज्याचे आईवडील टेक्सासहून बीटच्या शेतांवर कामाला यायचे, तो चोवीस एक्केचाळीसला आला, सगळ्यांत जलद. पंधरा वर्षांत आठ नावं. विभागाचं जेतेपद नऊ वेळा, आणि एकदा टीम देशात चौथी आली.

लोक म्हणाले, ही बंधाऱ्याच्या चढणीची करामत. कोच पोरांना तळ्याच्या बंधाऱ्यावर दहा दहा वेळा चढवायचे ना! दुसऱ्या कॉलेजांचे कोच तो बंधारा बघायला यायचे, त्याचे फोटो काढायचे. ऑस्टबी भाषणं द्यायला जायचे. बाहेरगावच्या शर्यतीत आपली मुलं जरा सावकाश पळतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गवतातल्या शर्यतीत एका गावची वेळ दुसऱ्या गावाशी कुणी लावून बघत नाही. इथं चिखल असतो, तिथं चढ असतो. नवा मार्ग आखल्यापासून मोजायला फारसं उरलं नव्हतं; मी गाडीच्या डिकीत पडून सगळं ऐकत होतो आणि माझ्या अंगाला कसलीशी खाज सुटल्यासारखी वाटायची.

२०११ मध्ये कोच निवृत्त होणार होते. कॉलेजनं ठरवलं की मार्गाला त्यांचं नाव द्यायचं आणि शेवटच्या खांबापाशी दगड बसवायचा. त्यावर कोरायचं, आठ हजार मीटर. कोच म्हणाले, दगड बसायच्या आधी एकदा चालून बघतो. ऑगस्टात ते मला लाइलच्या दुकानात घेऊन गेले. "याला नवं रबर घाल रे, पंचवीस एक. म्हाताऱ्याला नवे जोडे."

नव्या रबरानं आम्ही तिघं निघालो. कोच माझ्यामागे, लाइल कॉफीचा थर्मास घेऊन कोचच्या मागे. खांबापाशी पोचलो. डबीत आकडा होता सात हजार नऊशे चोवीस.

कोच म्हणाले, "तुझं रबर जाड बसलंय."

"कंपनीचंच आहे, कोच."

आम्ही परत गेलो, परत चाललो. सात हजार नऊशे पंचवीस. तिसऱ्यांदा चोवीस. लाइलनं थर्मास उघडलाच नाही.

दुकानात परतल्यावर लाइलनं फरशीवर पोलादी पट्टी टाकली. नव्या रबरानं एक फेरा, बरोबर एक मीटर. मग त्यानं कचऱ्याच्या डब्यातून माझं जुनं रबर काढलं, मला चढवलं आणि पुन्हा फिरवलं. नव्व्याण्णव सेंटिमीटर. लाज वाटते सांगताना, पण त्या पट्टीवर मला हायसं वाटलं.

कोच खिळ्यांच्या पिंपावर बसले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. "शहात्तर मीटर," ते म्हणाले. "चौदा-पंधरा सेकंद. लाइल, तू पुरं अंतर पळाला होतास. जुन्या मार्गावर. तेव्हा हे चाक नवं होतं."

"कोच, हे आपल्या दोघांतच राहू दे."

"का?"

"लोक म्हणतील, लाइलनंच काहीतरी केलं. दुकान माझं, रबर माझं, आणि एक सेकंदसुद्धा माझाच. सत्तावीस वर्षं चिडवून घेतलंय, आता सवय झालीय. त्या आठ जणांना कशाला दुखावता?"

त्यानंतरचे दोन महिने कोचनी कसे काढले ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या हातातच होतो. ते सारखे मोजत होते. गॅरेज मोजलं, अंगण मोजलं, पत्रपेटीपर्यंतचं अंतर दिवसातून चारदा मोजलं. घरची शर्यत त्यांनी गवत खराब आहे असं सांगून दुसऱ्या गावी नेली. फळीच्या खोलीत जायचं त्यांनी बंद केलं. स्वतःशीच पुटपुटायचे, "म्हणजे मी कोच होतो, की नुसते शहात्तर मीटर होतो?" मला ओरडून सांगावंसं वाटायचं, पण मला फक्त 'टक्' म्हणता येतं.

शेवटी डोरिननं जेवणाच्या टेबलावरून त्यांना विचारलं. त्यांनी सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "पोरांना सांगितलंस तर ती रागावतील. नाही सांगितलंस तर मी रागावेन. आता ठरव, आणि आधी जेव."

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात निरोपाचं जेवण झालं. शंभरावर जुने धावपटू आले होते. बटाटे घालून भट्टीत भाजलेला हॉटडिश, भोपळ्याच्या वड्या, पातळ कॉफी. फळीवरच्या आठांपैकी सहा जण आले होते. भाषणाची वेळ झाली तसे कोच मला घेऊन उभे राहिले आणि सगळं सांगितलं. जुनं रबर खिशातून काढून टेबलावर ठेवलं. "तुमचा दोष नाही. मार्ग मी आखला. फळी मी उतरवतो."

मग कर्ट उठला. तो आता पोट सुटलेला, चाळिशीला टेकलेला माणूस होता. "सोळा वर्षं मी हे सांगत फिरलो, कोच. माझ्या मुलीच्या वर्गात जाऊन सांगितलं. आता तिला काय सांगू?"

"तू खोटं बोलला नाहीस, कर्ट. मी बोललो."

दोघांपैकी कुणीही नाही हो, मी बोललो! पण माझ्याकडे कोण बघतंय?

मागच्या टेबलावरून रुबेनचा आवाज आला. "किती कमी आहे म्हणालात?"

"शहात्तर मीटर."

"मग ते आमचे पळायचे राहिलेत. उद्या सकाळी पळून टाकतो. त्यात काय एवढं?"

आधी एक जण हसला आणि मग सगळं तळघर हसायला लागलं. कर्ट हसला नाही. तो कोट उचलून निघून गेला.

सकाळी गवतावर दहिवर गोठलं होतं. जुन्या खांबापासून लाइलनं मला पुढे चालवत नेलं आणि मी बरोबर शहात्तर मोजले. देवाशपथ, आयुष्यात इतकं जपून मी कधीच फिरलो नव्हतो. तिथं कोच घड्याळ घेऊन उभे राहिले. जुन्या खांबापासून एकेकानं सुटायचं आणि आजची वेळ जुन्या वेळेत मिळवायची, असं ठरलं.

रुबेन आधी पळाला, पोट सावरत. पंधरा सेकंद. चोवीस छप्पन्न! तो ओरडला, "मी अजून आतच आहे रे!" पुढचे चौघे एकामागून एक पंचवीसच्या बाहेर गेले, कुणी गुडघा धरून, कुणी चर्चचे बूट घालून. लाइल वहीत लिहीत होता आणि वर बघत नव्हता.

कर्टची गाडी केव्हापासून रस्त्यावर उभी होती. तो आत बसून बघत होता. सगळे संपले तशी त्यानं कोट काढून बॉनेटवर टाकला, तरातरा खांबापाशी आला आणि कुणाची वाट न बघता सुटला. रागानं पळत होता. बारा सेकंद. कोचच्या पुढ्यात येऊन तो वाकला, गुडघ्यांवर हात ठेवून.

"पंचवीस चार," कोच हळूच म्हणाले. "वाईट वाटतं, पोरा."

"गप्प बसा, कोच." कर्टला धाप लागली होती. "तुम्ही त्या खांबापाशी उभे होतात, म्हणून मी तिथं थांबलो. इथं उभे असता तर इथवर आलो असतो. एवढं तरी माहीत असायला हवं होतं तुम्हाला."

कोचच्या हातातलं घड्याळ चालूच राहिलं. ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही. मग कर्ट लाइलकडे वळला. "आणि तू रे, पंचवीस एक! तीन सेकंदांनी माझ्या पुढे निघालास की!"

लाइल वहीत तोंड घालून बसला होता. त्याचे खांदे हलत होते. या खेपेला तो हसत नव्हता.

फळी उतरवली नाही. पळालेल्या सहाही जणांच्या नावापुढे खरी वेळ कोरली आणि रुबेनच्या नावाखाली लाइलचंही नाव. तो पंचवीसच्या आत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. कोरलं कर्टनं. दगड शहात्तर मीटर पुढे बसवला.

मी आता लाइलच्या दुकानात खुंटीला टांगलेला असतो. दार उघडलं की वाऱ्यानं थोडा फिरतो. स्वस्थ राहणं काही जमत नाही. ऑगस्ट आला की मार्ग मोजायला मला खाली काढतात. पण आधी लाइल मला फरशीत ठोकलेल्या पोलादी पट्टीवर ठेवतो. कोचचं खुब्याचं हाड बदललंय, तरी ते काठी टेकत येतात आणि पिंपाशी उभे राहतात. बसत नाहीत. त्या एका फेऱ्यापुरता माझा जीव टांगणीला लागतो.

"किती भरलं रे?" ते विचारतात.

"एक, कोच."

तुमच्याकडेही असं काहीतरी असेल, ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकलाय. एखादं घड्याळ असेल, एखादा तराजू, नाहीतर एखादं माणूसही. वर्षातून एकदा त्याला पट्टीवर घ्या. ते रागावणार नाही. माझ्यासारखं तेही बिचारं कधीपासून त्याचीच वाट बघत असेल.