डाळिंबी अंगरखा

राजवाड्याच्या पटांगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. रक्तरोधबाबांनी युवराजांचा तळहात तांब्यातल्या तीर्थाने धुतला, त्यावरून सुरी ओढली आणि लालभडक ओघळ मनगटापर्यंत उतरला. बाबांनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं, ओल्या फडक्याने हात पुसला आणि उंच धरून दाखवला. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"डॉक्टरांना जे रक्त थांबवता आलं नाही, ते माझ्या नजरेला घाबरलं," बाबा म्हणाले. नजर तेव्हा मिटलेली होती, पण एवढं बारकाईने बघायला गर्दीतल्या कुणाला सवड होती?

मग बाबांनी फर्मावलं की युवराजांचं रक्त न थांबण्याचा शाप उतरला आहे, इंजेक्शनं आजपासून बंद आणि उद्या सकाळी युवराज घोड्यावरून शहरभर फिरतील. राजेसाहेबांनी तिथल्या तिथे मान डोलावली. युवराजांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विरोध केला, तर त्यांना फाटकाबाहेर काढलं.

राणी सज्ज्यात उभी राहून हे सगळं पाहत होती. तिच्या मुलाचं रक्त जन्मापासून लवकर गोठत नसे. घोड्यावरून नुसता पडला तरी आतल्या आत रक्त साचून जिवावर बेतलं असतं. हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिचा धाकटा भाऊ ह्याच दुखण्याने गेला होता. दात पडला आणि रक्त थांबेना. माहेरच्यांनी मात्र तो घोड्यावरून पडला असं जगाला सांगितलं. त्यात निदान मर्दुमकी होती.

सासरी येताना राणीने ती गोष्ट गिळली. मुलगा झाल्यावर वाड्यात नवी रीत पडली, युवराजांना डाळिंबी रंगाशिवाय कपडा शिवायचा नाही. उशीचे अभ्रे डाळिंबी, रुमालही डाळिंबी. हा राजघराण्याचा मानाचा रंग आहे, असं शाही शिंपी छाती फुगवून सांगे. डाग दिसू नयेत एवढंच त्यामागचं कारण होतं आणि ते डोकं राणीचं होतं. त्या रीतीपायी कितीदा तरी रक्त वाहतंय हे कपडा ओला लागेपर्यंत कळत नसे.

दुपारी युवराज पलंगावर पाय हलवत बसले होते. "आई, गंमत सांगू? सुरी बोथट होती. दुखलंच नाही."

"पण रक्त तर आलं ना?"

"तेच तर. आणि लगेच थांबलं. माझं कधी लगेच थांबतं का गं?"

राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नऊ वर्षांच्या पोराला जे कळलं, ते तिला कळलं नव्हतं असं नाही. तिला कळून घ्यायचं नव्हतं. बाबा खरा ठरला असता तर तिला जन्मभर तोंड उघडावं लागलं नसतं. त्या सुटकेसाठी ती पोटच्या पोराला घोड्यावर चढवायला निघाली होती. तिने डॉक्टरीणबाईंना मागच्या दाराने बोलावून घेतलं.

सकाळी पटांगणात घोडा खोगीर घालून तयार होता. दर्शनासाठी मांडलेला तांब्या आणि सुरी डॉक्टरीणबाईंनी उचलली आणि राजेसाहेबांचा तळहात मागितला.

"अश्रद्धाच्या हाती तीर्थ कोपतं," बाबा घाईघाईने पुढे आले.

तीर्थ कोपलं नाही. राजेसाहेबांनी पुढे केलेला हात बाईंनी तीर्थाने धुतला, सुरी फिरली तसा त्यावर तोच लाल ओघळ आला, आणि फडक्याने पुसल्यावर हात कोरा. बाईंनी सगळ्यांना समजावलं. तांब्यातल्या पाण्यात एक क्षार होता, सुरीच्या पात्याला दुसरा लावलेला होता. दोन्ही एकत्र आले की लाल रंग होतो. रक्ताचा त्यात थेंबही नव्हता.

"पण मग युवराजांना शाप कुणाचा आहे?" गर्दीतून एक म्हातारी म्हणाली.

राणी सज्ज्यातून खाली आली. "शाप नाही, आजी. आजार आहे. तो माझ्या माहेरचा, माझ्यातून त्याच्यात आला. माझा भाऊ घोड्यावरून पडलाच नव्हता. मला लाज वाटली म्हणून मी गप्प बसले, आणि माझ्या गप्प बसण्यावर या माणसाचं दुकान चाललं."

राजेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी घोड्याचं खोगीर उतरवायला सांगितलं. बाबा तेवढ्यात पसार झाले होते.

तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तांब्यात काय आहे ते विचारा. आणि आपण काय झाकून ठेवलंय, तेही एकदा स्वतःला विचारा.

त्या दिवशी राणीने मुलाला पांढरा सदरा घातला. संध्याकाळी खेळून आला तेव्हा कोपरावर मसुरीएवढा लाल डाग होता. चारचौघांनी तो पाहिला. तिला अजूनही लाज वाटली, पण डाग दिसला होता. तिने डॉक्टरीणबाईंना हाक मारली.