मखमलीतली कात्री आणि खिळ्यावरची चावी

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. कापड कापणारी नव्हे, कागद कापणारी नव्हे, केसांना तर मी कधी शिवलेही नाही. मी उद्घाटनाची कात्री आहे. आमच्या शहरात जे जे नवे उभे राहिले, त्याच्या दारातली लाल फीत मीच कापली. तुम्ही म्हणाल, मग हिला काय कमी? कमी काहीच नव्हते. फक्त माझ्यासमोरच्या भिंतीवर एक चावी टांगलेली असे आणि तिचे सुख मला बघवत नसे.

माझा जन्म एका कारागिराच्या दुकानात झाला. त्याने मला भट्टीत तापवले, ठोकले, दगडावर धार लावली, दोन्ही पाती एका खिळ्याने जोडली आणि वरून चांदीचा मुलामा दिला. मुलामा ही गोष्ट मी हळूच सांगते. लोकांना मी सगळीच चांदीची वाटते आणि मला ते आवडते. नगरपालिकेने मला विकत घेऊन निळ्या मखमलीच्या पेटीत निजवले आणि भांडारातल्या काचेच्या कपाटात ठेवले. भांडार सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे कुलूपकाका म्हणत, कारण ते रिकाम्या कपाटालाही कुलूप लावत.

काय दिवस होते ते! नदीवरचा पूल झाला, मला बोलावणे आले. बाग झाली, बोलावणे आले. शहराच्या वेशीवर एक भली मोठी कमान उभारली, जिच्याखालून जाण्यासाठी धड रस्ताही नव्हता, तरी मला बोलावणे आलेच. कुलूपकाका इस्त्रीचा सदरा घालून मला तबकातून मिरवत नेत. अध्यक्ष मला उचलत, कॅमेऱ्याकडे बघत, कच्च असा आवाज होई आणि टाळ्यांचा पाऊस पडे. त्या टाळ्या माझ्याच आहेत, अशी माझी पक्की समजूत होती.

आणि चावी? ती उंच, काळी, लोखंडी. खाली चौकोनी खोबण आणि वर आडवी मूठ. रस्त्याखाली पाण्याच्या नळांवर व्हॉल्व असतात, ते तिने फिरवायचे. रोज पहाटे कुलूपकाकांच्या धाकट्या बहिणीचे यजमान येत. ते व्हॉल्वमन. चावी खांद्यावर टाकून ते गल्लोगल्ली पाणी सोडत हिंडत आणि परत आणून ती खिळ्याला टांगत. तेव्हा ती चिखलाने माखलेली असे, तिला गंजाचा आणि ओल्या मातीचा वास येई. मी नाक मुरडत असे. पण खरे सांगते, माझ्या पोटात दुखत असे. ती रोज बाहेर जाई. मी मात्र वर्षातून चार-दोनदा, तेही फोटो निघेपर्यंत. तिची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झाली होती. शिवाय दर सोमवारी कुलूपकाका चिंधी तेलात बुडवून तिला अंगभर पुसत. मला मखमल आणि तिला तेल. एकाच घरात नांदणाऱ्या दोन जावांसारखे आमचे झाले होते. थोरल्या जावेला पैठणी आणि धाकटीला सासूचा मायेचा हात.

एका सोमवारी तेल लावता लावता काका म्हणाले, "मेहुणे, आमची धाकटी पाणी गाळून पिते की नाही?"

"दोनदा गाळते, दादा," व्हॉल्वमन म्हणाले. "आमचं घर नळाच्या शेपटाला, अगदी शेवटच्या गल्लीत. जुना पाइप आतून कुजलाय. पाणी येतं ते चहासारखं. बादलीचा तळ कधी दिसला नाही."

"मग बदलत का नाहीत?"

"जमिनीखालचं काम कोणाला दिसतंय?"

मला मात्र त्या वेळी वेशीवरच्या कमानीची आठवण येऊन बरे वाटले. ती सगळ्यांना दिसत होती.

पुढे नगरपालिकेचे नवे सभागृह झाले. सकाळी मी त्याची फीत कापली आणि तबकासकट टेबलावरच राहिले. लगेच तिथे अंदाजपत्रकाची सभा भरली. यंदाचे पैसे कशावर खर्च करायचे, हे ठरायचे होते. अध्यक्षांना चौकात घड्याळाचा मनोरा बांधायचा होता. ते ऐकून माझी पाती शहारली. मनोरा म्हणजे बँड, फुले आणि फीतही चांगली रुंद.

तेवढ्यात पाणी खात्याच्या अभियंता बाई उठल्या. दर वर्षी त्या पाइपांबद्दलच बोलत, म्हणून सदस्य त्यांना पाठीमागे पाइपबाई म्हणत. त्या म्हणाल्या, "मनोरा नंतर बांधू. शहराचे सगळे पाइप बदलायला हवेत. एका वर्षात जमणार नाही, एवढे पैसेही नाहीत. म्हणून दर वर्षी एक भाग घेऊ. उत्पन्नातला ठरलेला वाटा बाजूला काढू, पाणीपट्टी थोडी वाढवू आणि उरलेल्यासाठी लांब मुदतीचं कर्ज काढू. त्यातलीच थोडी रक्कम दरसाल देखभालीसाठी राखून ठेवू."

"म्हणजे नातवंडांच्या डोक्यावर कर्ज?" एका सदस्याने विचारले.

"नातवंडं पाणी पिणार नाहीत का?" बाई म्हणाल्या. "पाइप त्यांच्या म्हातारपणापर्यंत टिकणार आहे. त्यांचा वाटा त्यांनी भरावा, आपला आपण. सगळा भार एकाच पिढीवर का? आणि आज नको म्हणाल, तर तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ येईल."

अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. "सगळं खरं, मॅडम. पण मला एवढंच सांगा, फीत कुठे बांधायची?"

सभागृह हसले. मीही मनातल्या मनात हसले. आता ही बाई गप्प बसणार, असे मला वाटले.

बाई गप्प बसल्या नाहीत. "गल्लीच्या तोंडाशी बांधा," त्या म्हणाल्या. "दर वर्षी एक भाग, दर वर्षी एक फीत. मनोऱ्याला एकदाच कापाल. इथे पुढची कितीतरी वर्षं कापत राहाल."

अध्यक्ष सरळ बसले. योजना मंजूर झाली. तबक परत नेताना कुलूपकाकांनी बाईंना विचारले, "खरंच फीत लागते का हो पाइपाला?"

"पाइपाला नाही लागत, काका. पण अध्यक्ष बदलतात. लोकांना फितीची सवय लागली, की काम थांबवणं कुणालाच सोपं जात नाही."

मी तर हुरळून गेले. दर वर्षी नवी फीत मिळणार होती. पण पहिल्याच वर्षी माझी जिरली. शेपटाच्या गल्लीत फीत बांधली होती. अध्यक्षांनी मला उचलले आणि कच्च. एरवी तेवढ्यावर टाळ्या पडत. इथे कोणी हात हलवला नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या त्या जाऊबाईकडे. व्हॉल्वमननी ती खड्ड्यात उतरवली, मूठ धरून वळवली. नळाने आधी फुसफुस हवा सोडली, मग गढूळ चूळ टाकली आणि मग पाणी आले. कुलूपकाकांच्या बहिणीने बादली भरली आणि ती वाकून आत बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "तळ दिसतोय."

मग टाळ्या पडल्या. त्या माझ्या नव्हत्या, हे मलाही कळले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चांदीचा मुलामा माझ्यावर, फोटो माझा आणि कौतुक त्या चिखलात बरबटलेल्या दांडीचे!

पुढे वर्षामागून वर्षे गेली. दर वर्षी एक गल्ली आणि दर वर्षी माझा तोच जळफळाट. मग नवे अध्यक्ष निवडून आले. त्यांना आधीच्या अध्यक्षांची योजना नको होती, मनोरा मात्र हवा होता. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण ज्या गल्लीची पाळी होती, तिथल्या बायकांनी जुनी चादर फाडली, तिची पट्टी गल्लीच्या तोंडाशी आडवी बांधली आणि अध्यक्षांना निरोप धाडला, "फीत तयार आहे, पाइप घेऊन या." सगळे शहर ती पट्टी बघायला जाऊ लागले. अध्यक्षांना हसावे की रडावे कळेना. शेवटी मनोरा लांबणीवर पडला आणि पाइप आला.

उद्घाटनाच्या दिवशी गल्लीने हट्ट धरला, की हीच पट्टी कापायची. अध्यक्षांनी मला उचलले आणि मूठ दाबली. माझी पाती हललीच नाहीत. इतकी वर्षे मखमल ओल धरून बसली होती आणि मुलाम्याखाली माझा खिळा गंजून गेला होता. त्यांनी जोर लावला. मी चादर चावली, कापली नाही. मुले खिदळली. कुलूपकाकांचा चेहरा पडला. मी जिवाच्या आकांताने जोर करत होते, मित्रांनो. एकदा, फक्त एकदा कच्च व्हावे, एवढेच मागणे होते.

व्हॉल्वमननी थोडा वेळ वाट बघितली. मग ते वाकून पट्टीखालून पलीकडे गेले आणि त्यांनी चावी फिरवली. पाणी आले. पट्टी तशीच बांधलेली होती आणि घराघरात बादल्या भरत होत्या.

काकांच्या बहिणीने मला तबकातून उचलून निरखले. "दादा, हिला कधी तेल दिलं होतंस?"

"ती मखमलीत होती गं," काका म्हणाले.

"मखमलीत होती, म्हणजे सांभाळली होती असं नाही."

तेव्हापासून माझी पेटी गेली. काकांनी माझा खिळा बदलला आणि मला चावीशेजारच्या खिळ्यावर टांगले. आता मी नळजोडण्यांसाठी रबराच्या चकत्या कापते. फितीही कापते, पण कापून झाल्यावर तबकात पडून राहत नाही. चकत्यांचे काम असतेच. मुलामा उडाला आहे. मूठ आता जरा गुळगुळीत होऊ लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या शहरात नवे काही उभे राहिले तर टाळ्या जरूर वाजवा. पण घरी जाण्याआधी एवढे विचारा, की याला तेल कोण घालणार आणि त्या तेलाचे पैसे कुठे राखून ठेवलेत? कोणी उत्तर दिले नाही, तर माझी आठवण काढा.

माझा मत्सर गेला का, असे विचाराल तर नाही गेला. उद्या सोमवार आहे. कुलूपकाका चिंधी तेलात बुडवतील, आधी तिला पुसतील आणि चिंधीत जे उरेल ते मला. मी आत्तापासून वाट बघते आहे.