फिरोजी बरणीचा काठ

मुलगी अक्षता वारल्यानंतर काही महिन्यांनी रंगनाथांना तिच्या मैत्रिणीचा, श्रद्धाचा फोन आला. नारायण पेठेतल्या एका छोट्या संग्रहालयात फुटक्या, जुन्या वस्तू जोडायचं काम दोघी मिळून करत. अक्षतानं जोडलेली शेवटची बरणी आता मांडायची होती, त्याआधी काकांनी एकदा येऊन जावं, असं श्रद्धा म्हणाली. त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी आपल्याला जमणार नाही म्हणून सांगितलं. रंगनाथ कर्वेनगरहून एकटेच रिक्षानं गेले.

बरणी इराणातली, आठशे वर्षांपूर्वीची. झिलई फिरोजी, पोटाशी गडद, गळ्याशी फिकट. संग्रहालयाकडे आली ती तुकड्यांतच. आजारपणातही अक्षता ते तुकडे जोडायला जात राहिली. एका संध्याकाळी घरी येऊन म्हणाली, "बाबा, झाली माझी बरणी." रंगनाथांनी सोसायटीत पेढे वाटले होते.

पण टेबलावरच्या बरणीला काठच नव्हता. श्रद्धा अडखळत सांगू लागली. गळ्याजवळचा एक तुकडा केसभर तिरका बसला होता, त्यामुळे वरचे तुकडे जागेवर जात नव्हते. तो सोडवून पुन्हा बसवायला हवा होता. काकांना न विचारता त्याला हात लावणं तिला बरं वाटेना.

रंगनाथांना राग आला. तिच्या हातचं एवढंच उरलंय, ते तरी राहू दे की, म्हणाले. काठ नसला तर काय बिघडतं?

"काका, हे तिनंच सांगितलंय," श्रद्धा म्हणाली. "केमोनंतर तिच्या बोटांना काही जाणवायचंच नाही. तुकडा बसवला आणि लगेच तिच्या लक्षात आलं. म्हणाली, मला आता जमणार नाही, तू कर. आणि एवढ्यात बाबांना सांगू नकोस."

रंगनाथ स्टुलावर बसले. म्हणाले, "कर. मी बसतो इथं."

श्रद्धानं सांध्यावर ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस ठेवला. वास खोलीभर पसरला. अक्षताच्या ओढणीला यायचा, तोच. तुकडा सुटायला वेळ लागला. सुटला तसा त्यांनी हात पुढे केला, आणि श्रद्धानं तो त्यांच्या तळहातावर ठेवला. मूठ मिटायचा त्यांना धीर झाला नाही. थोड्या वेळानं त्यांनी तो परत दिला.

घरी आल्यावर त्यांनी सुशीलाबाईंना सगळं सांगितलं. बोटांचंही सांगितलं.

सुशीलाबाई मेथी निवडत होत्या. "मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी तिच्या कुर्त्याची बटणं मीच लावून द्यायचे."

"मला का नाही सांगितलंस?"

"तिनं सांगू दिलं नाही. म्हणायची, घरात एकाला तरी वाटू दे, मी बरी होतेय."

रंगनाथ तिथंच फरशीवर बसले. सुशीलाबाईंनी मेथीचं ताट बाजूला सरकवलं. मुलगी गेल्यापासून दोघं एकमेकांपासून लपूनच रडत होती. आज तेवढं बळ कुणातच नव्हतं.

दिवाळीनंतर बरणी काठासकट काचेच्या पेटीत मांडली गेली. श्रद्धानं दोनदा बोलावलं. येतो, येतो, म्हणत दोघंही गेली नाहीत.