मोकळ्या तासाचा माईक

मित्रांनो, मी कॉलेजच्या सभागृहातला एक जुना माईक आहे. माझी जाळी एका बाजूने चेपली आहे, आवाज मात्र अजून खणखणीत आहे. कारखान्यात एका कारागिराने "हॅलो, हॅलो" म्हणून मला पास केलं आणि तेव्हापासून माझं आयुष्य लोकांच्या तोंडासमोर गेलं.

ऐन उमेदीत मी खूप मिरवलो. पाहुण्यांची लांबलचक भाषणं, बक्षीस समारंभ, गाणी, सारं माझ्यातूनच व्हायचं. मग बिनवायरचे माईक आले नि माझी रवानगी कपाटात झाली. तिथे मला कुत्रंही विचारेना. पण खरं सांगू? तिथेच बरा होतो.

मला बाहेर काढलं ते 'मोकळ्या तासा'साठी. अन्याय, भेदभाव यांवर मुलांनी मनमोकळं बोलावं, अशी प्राचार्यांची हौस. नियमही त्यांचाच: बोलून झालं की बोलणाऱ्यानेच पुढचा निवडायचा आणि मला त्याच्या हाती द्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती. सुरुवातीला मुलं दूरदेशीच्या अन्यायावर तावातावाने बोलली. कॉलेजच्या भिंतीआडचं कुणी काही काढलं नाही, त्यामुळे सगळे खूश होते.

मग पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली. तिची फी माफ होती. अशा मुलांना खानावळीत दुसऱ्या घंटेला बसवतात. पहिल्या घंटेची मुलं उठली की उरेल ते यांच्या ताटात पडतं. मला तोंडाशी धरून ती म्हणाली,

"सर, आम्हाला सगळ्यांबरोबर जेवू द्या. उरलंसुरलं नको. एवढंच मागते."

प्राचार्य हसून म्हणाले, "शाब्बास! अशीच धिटाई हवी. आता निवड पुढचा."

तिने झटकन मला आपल्या मावसबहिणीपुढे धरलं. तीही दुसऱ्या घंटेचीच. दोघी एका ताटात जेवून वाढलेल्या, आणि हिला कॉलेजात आणलं तेही त्या बहिणीनेच. "ताई, तू सांग ना. तुला तर सगळं माहितीये."

ताईने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं. फीमाफी दरवर्षी नव्याने मंजूर होते, आणि मंजूर करणारे समोरच बसले होते.

"मला तर कधी त्रास झाला नाही, सर," ती म्हणाली. "ही पहिल्यापासूनच जरा खादाड आहे. घरीसुद्धा हिला आधी वाढावं लागतं."

एकच हशा पिकला. तो हशाही माझ्यातूनच घुमला. त्या क्षणी मला जळून जावंसं वाटलं.

"मग उद्या आमच्या खादाडबाईंना पहिला मान!" प्राचार्य म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला खानावळीत नेलं. मधोमध एक टेबल, त्यावर शिगोशीग भरलेलं ताट आणि समोर ती एकटी. मुलं भोवती जमून प्रत्येक घासाला टाळ्या वाजवत होती. ताई दाराशी, दुसऱ्या घंटेच्या रांगेत उभी होती. प्राचार्यांनी मला जेवणाऱ्या मुलीच्या तोंडासमोर धरलं.

"काय, भरलं का पोट? सांग सगळ्यांना."

तिला तोंडातला घास गिळवेना. कर्ण्यातून नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग ती म्हणाली, "भरलं, सर." त्याच आठवड्यात ती कॉलेज सोडून गेली.

दुसरी घंटा अजून वाजते. मोकळा तासही भरतो आणि ताई आता त्याची प्रमुख आहे. परवा तिने मला एका नव्या मुलीसमोर धरलं. "बोल ना, घाबरतेस काय?" ती पोर मला हातही लावेना. "मला भूकच लागत नाही हो, ताई," एवढंच म्हणाली.

मित्रांनो, माझी वायर पिळू नका, जाळीवर धूळ बसू देऊ नका, असं मी खरं तर सांगायला हवं. पण माझी निगा नाही राखलीत तरी चालेल. कुणाला 'बोल' म्हणाल, तर तिचं बोलून झाल्यावर तिच्याशेजारी उभे राहा. ते जमणार नसेल, तर मला कपाटातच पडू द्या. तिथे निदान माझ्यामुळे कुणी उपाशी राहत नाही.