फ्रिजवरचा घोडा

आमच्या घरात फ्रिजचं दार हळू उघडायचं असतं. नव्या सुनेला हे सांगायला आम्ही विसरलो, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बिचारीनं ओलं फडकं घेऊन दार चकचकीत पुसून काढलं. दारावर चुंबकाचा बुद्धिबळाचा पट चिकटवलेला असतो; धक्का बसला की मांडलेलं सगळं सांडतं. त्याच्यावरच्या सोंगट्या तिनं काढल्या, धुतल्या आणि खाली उंचीप्रमाणे छान रांगेत लावून ठेवल्या.

संध्याकाळी माझी बायको औषधांच्या दुकानातून घरी आली. तिनं दाराकडे पाहिलं. बायको गप्प बसली की मला धडकी भरते, म्हणून मी उगाच वर्तमानपत्रात डोकं घातलं. तिनं ग्लासभर पाणी प्यायलं, पिशवी खुर्चीला अडकवली आणि उभ्या उभ्या सगळ्या सोंगट्या जिथल्या तिथे लावून टाकल्या, न अडखळता.

"आई, तुम्हाला हे पाठ आहे?" सून तोंडात बोट घालून बघत होती.

"पाठ कशाला करायचं? प्रत्येक सोंगटी तिथे का आहे ते माहीत असलं की झालं."

मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट वर जाते नाहीतर खाली येते, आणि मधे अडकली तर मी जातो. मला तिरकं जाणारं काही झेपत नाही. उंट तिरका जातो, घोडा अडीच घरं जातो, एवढी माझी विद्या. पण चाळीस वर्षं बायकोच्या मागे स्पर्धांना हिंडलो, चहाच्या थर्मासची जबाबदारी पार पाडली, आणि त्या नादात थोडंफार कानावरून गेलं.

तिचे शौक दोन. एक, समोर माणूस बसवून डाव खेळणं. दुसरा, कोडी. कोडं म्हणजे पटावर मोजक्या सोंगट्या मांडायच्या आणि म्हणायचं, पांढऱ्यानं खेळून इतक्या खेळ्यांत मात करा. ती कोडी सोडवते आणि स्वतः रचतेही. त्यातल्या पहिल्या खेळीला ती मंडळी चावी म्हणतात. आणि त्यांचा एक शिष्टाचार आहे. चावीची खेळी शह देणारी नसावी, समोरची सोंगटी मारणारी तर नसावीच. कुलूप हातोड्यानं फोडणं म्हणजे उघडणं नव्हे, असं बायकोचं म्हणणं. चावी कशी हवी? शांत, साधी, आणि बघणाऱ्याला वाटावं की हे काय भलतंच.

याच शिष्टाचारानं तिचा घात केला होता. आमचा मुलगा तेव्हा शाळेत होता. क्लबच्या वार्षिक स्पर्धेची शेवटची फेरी, समोर पोस्टातला एक कारकून. त्याचा राजा उघडा पडलेला, हिचा वजीर शेजारच्या रांगेत तयार. वजिरानं शह दिला की तिथल्या तिथे मात. खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं, मलासुद्धा दिसत होतं. आणि ही बाई डोकं धरून बसली. बसली, बसली, आणि शेवटी कुठला तरी उंट एक घर मागे घेतला! शह देऊन सुरुवात करायची असते हे तिच्या मनालाच शिवलं नव्हतं. ती चावी शोधत होती. कारकून सटकला, डाव जिंकला, चषक घेऊन गेला.

त्या दिवसापासून तिचं नाव पडलं चावीवाली. कारकुनाचा पुढे पोस्टमास्तर झाला, निवृत्त झाला, आणि आमच्या घरी चहाला यायला लागला. माणूस लाख मोलाचा, पण चिकट. पार्सलची सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवणारा. पटावरही तसाच, एक प्यादं फुकट सोडणार नाही. त्याच चिकटपणावर त्यानं चषक किती वेळा नेला, याचा हिशेब मी सोडून दिला. क्लबच्या खोलीत विजेत्यांच्या नावांची एक लाकडी पाटी आहे. मास्तरचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून दरवर्षी नाव रंगवायचं काम त्याच्याकडे. म्हणजे बहुतेक वेळा तो स्वतःचंच नाव सुवाच्य अक्षरात लिहीत असे. माझ्या बायकोचं नाव त्या पाटीवर एकदाही नव्हतं. ती तसं कधी बोलली नाही. पण त्या खोलीत गेलं की ती पाटीकडे पाठ करून बसते, हे मी इतकी वर्षं बघत आलोय.

या वर्षी स्पर्धेच्या आधी फ्रिजवर एक कोडं लागलं होतं. बरेच दिवस तेच. पांढऱ्याकडे राजा आणि एकच घोडा; काळ्याकडे कोपऱ्यात राजा आणि त्याच्या पुढ्यात एक प्यादं. बस्स. दूध काढताना, भाजी ठेवताना, रात्रीचं उरलेलं आत सरकवताना मला तेच चित्र दिसायचं.

मास्तर चहाला आला तेव्हा त्यानंही पाहिलं. "वहिनी, एकट्या घोड्यानं कधी मात होते का?"

"प्यादं बघा ना."

"प्यादं माझं आहे. ते माझ्या मदतीला."

"तीच तर गंमत आहे भावजी. तुमचंच प्यादं तुमचा दरवाजा अडवतं. ते नसतं तर तुम्ही सुटलात."

मास्तरनं थोडा वेळ मान वाकडी करून पाहिलं, उत्तर काढलं, आणि बशीत चहा ओतत म्हणाला, "सुंदर आहे. पण फ्रिजवरच. माझा राजा काय खुळा आहे त्या कोपऱ्यात जाऊन बसायला?"

ती गालातल्या गालात हसली. मला मात्र राग आला. कोणी आपल्या बायकोच्या आयुष्यभराच्या नादाला फ्रिजवरचा म्हणावं, हे मला झोंबलं.

स्पर्धेत ती या वर्षी सुसाट सुटली होती. शेवटची फेरी रविवारी सकाळी, आणि योगायोग असा की समोर मास्तर. त्याचा अर्धा गुण जास्त. डाव बरोबरीत सुटला तरी चषक त्याचा. हिला जिंकायलाच हवं होतं.

निघताना तिनं आरशासमोर चष्मा पुसला आणि म्हणाली, "अहो, आज ठरवलंय. समोर दिसेल ते मारायचं. शह दिसला, द्यायचा. चावीबिवी काही नाही."

"शाब्बास," मी म्हणालो. "मी इतकी वर्षं काय सांगतोय?"

क्लबची खोली वाचनालयाच्या वर आहे. लांबट टेबलं, डगमगणाऱ्या खुर्च्या, भिंतीवर ती पाटी. डाव सुरू झाला आणि बायकोनं खरंच मारामारी मांडली. वजीर गेले, हत्ती गेले. एकेक करून बाकीच्या टेबलांवरचे डाव संपले आणि माणसं आमच्या टेबलाभोवती जमली. हिच्याकडे घोडा आणि एक प्यादं उरलं. मास्तरकडे उंट आणि कडेचं एक प्यादं. हिचं प्यादं पुढे जाऊन वजीर होणार असं दिसताच मास्तरनं शांतपणे त्याच्यावर आपला उंट घालवला. उंट गेला, प्यादं गेलं. उरला एकटा घोडा. आणि एकट्या घोड्यानं मात होत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक. माझ्या शेजारच्या माणसानं हळूच आपली टोपी उचलली. संपलं, असा त्याचा अर्थ.

मास्तर तेवढ्यावर थांबला असता तर खरंच संपलं होतं. ते प्यादं सोडून द्यायचं, राजा मोकळ्यावर आणायचा, आणि चषक घरी न्यायचा. पण सुतळी गुंडाळून ठेवणारा माणूस प्यादं सोडतोय होय! तो राजाला घेऊन प्याद्याच्या सोबतीला गेला, त्याला पुढे ढकलत राहिला. हिचा राजा जवळ आला आणि त्यानं मास्तरच्या राजाची बाहेरची वाट अडवली. मास्तरनं आपला राजा कोपऱ्यातल्या घरात सरकवला, हसून म्हणाला, "बरोबरी, वहिनी?" आणि घड्याळाचं बटण दाबलं.

मी थर्मास हातात धरून उभा होतो. पटाकडे पाहिलं आणि एक पाऊल पुढे सरकलो. कोपऱ्यात काळा राजा. एक घर सोडून त्याचं प्यादं. शेजारी पांढरा राजा, आणि बाजूला घोडा. हे चित्र मी दूध काढताना पाहिलं होतं! घोडा जरा इकडेतिकडे असेल, पण कोपरा तोच. मला बुद्धिबळ येत नाही, पण माझा फ्रिज मला ओळखता येतो.

आणि त्याच क्षणी आणखी एक दिसलं. घोड्याला ते प्यादं मारता येत होतं. सरळ, फुकट. मारलं की बरोबरी, आणि चषक मास्तरचा. आणि ही बाई सकाळी आरशासमोर म्हणाली होती, समोर दिसेल ते मारायचं!

बोलायला बंदी. खोकायचीही चोरी. माझा जीव टांगणीला लागला. पहिल्यांदाच मला वाटलं, देवा, हिला आज शहाणपण सुचू देऊ नकोस.

तिनं घोडा उचलला. हात प्याद्याच्या वर गेला. तिथे थांबला. मास्तरनं हात मिळवायला आपला पंजा टेबलावर ठेवलाही होता. घड्याळ टिकटिकत होतं. आणि मग तो हात बाजूला वळला, आणि घोडा प्याद्यापासून दूर, पटाच्या मधोमध जाऊन बसला.

खोलीत एक सुस्कारा पसरला. कोणीतरी पुटपुटलं, "चावीवाली ती चावीवालीच." मला त्या माणसाच्या डोक्यावर थर्मास घालावासा वाटला.

मास्तर अजून हसत होता. राजा एक घर पुढे घेतला. घोडा पुन्हा शांतपणे उडी मारून खाली आला. शह नाही, मारामारी नाही, काही नाही. मास्तरनं राजाला हात घालायला बोटं पुढे केली आणि ती तशीच राहिली. त्याचं हसू चेहऱ्यावर होतं, पण डोळे पटावर खिळले. त्यानं बाजूची घरं पाहिली. ती हिच्या राजानं धरलेली. प्यादं हलवावं, तर त्याच्या वाटेत त्याचाच राजा. कोपऱ्यात परत जाणं एवढंच उरलं होतं. त्यानं मान वर करून माझ्या बायकोकडे पाहिलं. ती चष्म्यावरून त्याच्याकडे बघत होती.

"फ्रिज," मास्तर म्हणाला.

पंच त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागला. त्याला काय कळणार?

राजा कोपऱ्यात परतला. घोडा तिसऱ्यांदा उडाला आणि राजाच्या पुढचं घर त्यानं दुरूनच रोखलं. आता राजाला हलायला जागा नाही. खेळायची पाळी आली की खेळावंच लागतं, आणि मास्तरकडे खेळण्यासारखं उरलं होतं फक्त ते प्यादं. जन्मभर एकही प्यादं फुकट न सोडणाऱ्याचं.

तो तिथेच हार मानून उठू शकला असता. बरेच जण उठतात. पण मास्तर मनाचा मोठा निघाला. "नाही वहिनी. खऱ्या पटावर हे एकदा बघू दे मला," असं म्हणून त्यानं स्वतःच्या बोटानं प्यादं पुढे सरकवलं, थेट आपल्या राजाच्या नाकासमोर. दाराला आतून कडी घातली जावी तसं.

घोडा उठला आणि शेवटच्या घरात बसला.

"शह," माझी बायको म्हणाली. मग तिनं घसा साफ केला. "आणि मात."

एकट्या घोड्यानं मात! मग टोपी उचललेल्या माणसानं ती टोपी हवेत उडवली आणि खोलीत असा गलका झाला की खालच्या वाचनालयातून कोणीतरी वर धावत आलं. पंचानं तीनदा पट तपासला. मी थर्मास खाली ठेवला आणि सगळ्यांदेखत बायकोचा हात घट्ट धरला. मला रडू येत होतं, सांगायला लाज कसली.

मास्तर कोपऱ्यातल्या राजाकडे बघत होता. "खुळा निघाला की हो माझा राजा," तो म्हणाला, आणि मोठ्यानं हसला.

त्याच दिवशी त्यानं रंगाची डबी आणि ब्रश काढला. पाटी खाली उतरवून टेबलावर ठेवली, चष्मा चढवला आणि विचारलं, "नाव कसं लिहू, वहिनी?"

"पूर्ण लिहा."

"आणि?"

ती पाटीसमोर येऊन उभी राहिली. "आणि खाली चावीवाली लिहा. त्याच आकारात."

मास्तरनं ते नाव इतकं सुबक रंगवलं की त्याचं स्वतःचंही कधी तसं झालं नसेल.

घरी आलो. मास्तरही आला होता. सुनेनं चहाचं आधण ठेवलं आणि दूध काढायला सवयीनं फ्रिजचं दार अगदी अलगद उघडायला गेली. माझ्या बायकोनं तिला बाजूला केलं. मूठ धरली, दार सताड उघडलं, दूध काढलं, आणि धाडकन लावलं. राजा, घोडा, प्यादं, सगळं खडखडत जमिनीवर सांडलं. सून वाकून गोळा करायला लागली.

"राहू दे गं," ती म्हणाली. "आता ते कोडं क्लबातल्या सगळ्यांना माहीत आहे. मी नवीन लावते."